गिलाव्याखालचे भांडण

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत खर्चाची धास्ती आहे, तशी भांडणाचीही आहे. भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीचे कर्ज आणि घरातले दोन दागिने यांची मोट बांधून तालुक्याच्या गावी दोन गुंठ्यांवर घर उभारणाऱ्या शिक्षकाला ती पहिल्याच पावसाळ्यात उमगते. स्लॅबला ओल येते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि ठेकेदार म्हणतो, “गुरुजी, नवं घर आहे, थोडं बसणारच.”

त्याचे म्हणणे कधीकधी खरेही असते. गिलावा सुकताना केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांनी घराला धोका नसतो. परंतु कोपऱ्यातून तिरकी धावणारी आणि महिन्यागणिक रुंदावणारी भेग पाया असमान खचल्याची खूण असू शकते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे १० दिवस सतत ओले राहिले पाहिजे. प्रत्यक्षात किती दिवस पाणी मारले, सळयांमधले अंतर किती होते, हे गिलावा चढल्यावर सांगणार कोण? मजुरीचाच ठेका असेल तर पंचाईत दुहेरी होते. माल मालकाने आणलेला, हात ठेकेदाराचे. मग वाळूत माती होती की मिश्रणात पाणी जास्त झाले, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

सदनिका विकत घेणाऱ्याच्या पाठीशी कायदा बराच भक्कम आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष नजरेस आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. न केल्यास भरपाई मागता येते. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला मात्र या कायद्याचा आधार नाही, कारण तेथे विकणारा विकासकच नसतो.

त्याला दार आहे ते ग्राहक आयोगाचे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच मान्य केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि उभय पक्षांची तयारी असेल तर मध्यस्थीचीही सोय आहे. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांचीच. ‘पुढच्या महिन्यात माणसे पाठवतो’ या आश्वासनावर पुष्कळांची ही मुदत निघून जाते.

पण आयोगापुढे उभे राहायचे ते कशाच्या बळावर? करार बहुधा तोंडी असतो. चौरस फुटाचा दर ठरतो आणि चहा होतो. सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, गळतीची जबाबदारी किती वर्षे, यांतले काहीच कागदावर येत नाही. पैसे रोखीने, पावतीविना. मालकही निर्दोष नसतो: ‘इथे एक कपाट काढा, जिना तिकडे न्या’ असे चालत्या कामात सांगितले जाते आणि त्याचे वाढीव पैसे मागितले की ठेकेदार लबाड ठरतो. लहान ठेकेदाराचाही हिशेब अशाच तोंडी शब्दांत बुडालेला असतो, हे विसरणे न्यायाचे नाही.

सरकारी बांधकामात ठेकेदाराची काही रक्कम दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकवून ठेवतात. खासगी घरालाही हीच रीत लावता येते. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर द्यावा. अर्थात हे आरंभीच लिहून दोघांनी सही केलेली असावी. स्लॅब ओतण्यापूर्वी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून सळयांची तपासणी करून घ्यावी आणि तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. भेग दिसलीच, तर गिलाव्याचा नवा हात फिरण्याआधी तिची लेखी सूचना पोच देय टपालाने ठेकेदाराला गेली पाहिजे.