खोट्या खुणेपेक्षा मौन बरे

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागात घड्याळाचा एक जुना मनोरा आहे. अशा मनोऱ्यावरील घड्याळ बंद पडले, तर लोक दुसरीकडे वेळ विचारतात. परंतु ते पाच मिनिटे मागे चालू लागले, तर त्यावर विसंबणाऱ्याची गाडी चुकते.

याच शहराच्या पूर्वेस चिकलठाण्याला विमानतळ आहे. विमानतळावर चुकीच्या खुणेचा परिणाम याहून भयंकर होऊ शकतो. ढग दाटून धावपट्टी दिसेनाशी झाली, की वैमानिक जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरींवर विसंबतो. त्या लहरी त्याला धावपट्टीची मध्यरेषा आणि सुमारे ३ अंशांचा उतार दाखवितात.

या लहरी सोडणाऱ्या यंत्रांची निगा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंते राखतात. यंत्रावर दुसऱ्या एका यंत्राचा सतत पहारा असतो. लहर ठरलेल्या मर्यादेबाहेर ढळताच काही सेकंदांत मुख्य यंत्र बंद होऊन राखीव यंत्र सुरू होते. तेही चुकले, तर लहरीच थांबतात. वैमानिकाला ते तत्काळ कळते व तो विमान पुन्हा वर नेतो.

मग अभियंता दोष शोधतो, दुरुस्ती करतो आणि प्रत्येक माप पडताळतो. विमाने खोळंबली, तरी खात्री पटल्यावाचून तो यंत्र सुरू करीत नाही. प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते. परंतु त्यांचे प्राण त्याच्या सचोटीवर अवलंबून असतात.