मोटर गुणगुणते, पण फिरत नाही!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! पण विषय आपल्या सगळ्यांच्या ओल्या कपड्यांचा आहे, म्हणून लिहिते.

जुलैमध्ये आमच्या हॉस्टेलच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर बंद पडला. आदल्या रात्री फर्स्ट इयरच्या एका मुलीने त्यात ओली चादर पिळायला टाकली होती. झालं! ‘मोटर जळाली, रिवाइंडिंगचे १५०० रुपये हिनेच भरायचे’ असं ठरलं. ती बिचारी रडकुंडीला आली. मी थर्ड इयर इलेक्ट्रिकलची, म्हणून रेक्टर मॅडमकडून दोन दिवस मागून घेतले.

अशा वेळी आधी कान द्या. टायमर फिरवल्यावर मोटर अगदी गप्प असेल, तर वीज पोचत नाही किंवा वाइंडिंग तुटलंय. मग सॉकेट, टायमर आणि झाकणाचा स्विच तपासा. हा स्विच कधीही बायपास करू नका, फिरत्या टबात हात जाऊ शकतो. ‘गूंऽऽ’ असा आवाज आला, तर वीज येतेय पण मोटर सुटत नाही. लगेच बंद करा. अडकलेली मोटर जास्त करंट खाते आणि मग खरोखरच जळते.

आमची गुणगुणत होती. प्लग काढला, मागचं कव्हर उघडलं. झाकण उघडलं की ब्रेक लागतो, म्हणून ते बंद ठेवून मोटरवरचा ब्रेक ड्रम हाताने फिरवला. जड लागला असता, तर ब्रेक चिकटलाय किंवा टबखाली मोजा अडकलाय असं समजायचं. पण तो सहज फिरला.

मग गुलमंडीवर गेले. सुपारी हनुमानाच्या पुढे एका गल्लीत रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथल्या चाचांनी एकच विचारलं, “गूं-गूं करती या चुप है?” आणि म्हणाले, “जली होती तो बास आती, बेटा. कंडेन्सर देखो.”

कंडेन्सर म्हणजे आपला कपॅसिटर. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, नुसतं मागे-पुढे होतं. जात्याचा खुंटा दोघींनी उलट दिशांना सारख्याच जोराने ओढला, तर जातं हलेल का? तसंच हे. म्हणून दुसरं वाइंडिंग असतं आणि कपॅसिटर त्यातला करंट सुमारे ९० अंशांनी पुढे नेतो. मग क्षेत्र फिरतं आणि मोटर सुटते. फिरत्या क्षेत्राच्या या कल्पनेवर टेस्लाला १८८८ मध्ये पेटंट मिळाली. थर्ड सेममध्ये हे मी पाठ केलं होतं, समजलं मात्र गुलमंडीत!

कपॅसिटरवर ५ मायक्रोफॅरड छापलेलं होतं, लॅबच्या मीटरवर १ सुद्धा भरेना. उष्णतेने आणि वयाने तो असा झिजतो, चादरीचा काही संबंध नाही. नवा ९० रुपयांना मिळाला. घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त बघा. वॉश मोटरचा इथे चालत नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. बल्ब होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो आधी उतरवा. जमत नसेल, तर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ड्रायर सुरू झाला, पंधराशे वाचले. रेक्टर मॅडमनी त्या मुलीला स्वतः बोलावून सॉरी म्हटलं. मला वाटतं, मोटर असो की माणूस, दोष देण्याआधी एकदा आवाज ऐकून घ्यावा.