सायकल आणि आयेल्ट्सची तोंडी परीक्षा

परीक्षा : आयेल्ट्स (IELTS) ही इंग्रजी भाषेची चाचणी; सुरुवात 1989. तोंडी भाग 11 ते 14 मिनिटांचा, समोर परीक्षक, संभाषण रेकॉर्ड होते. बँड 0 ते 9. निकाल साधारण 2 वर्षे ग्राह्य.

टप्पे तीन
- पहिला, 4-5 मिनिटे : घर, गाव, सवयी. सायकल बहुधा इथेच येते. लहानपणी सायकल होती का? आता चालवता का? तुमच्या गावात सायकली दिसतात का? दोन-तीन वाक्ये पुरतात.
- दुसरा : कार्डावरचा विषय, तयारीला 1 मिनिट, बोलायला 1 ते 2 मिनिटे.
- तिसरा, 4-5 मिनिटे : चर्चा. वाहतूक, प्रदूषण, सायकलमार्ग.

गुण : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही निकषांना समान वजन. उत्तर खरे की खोटे, याला गुण नाहीत; पाठ केलेले मात्र परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

गफलत इथे होते : वैरागसारख्या गावच्या बाजारपेठेत ‘बाइक’ म्हणजे मोटारसायकल. परीक्षकाच्या ‘बाइक’चा अर्थ या प्रश्नांत सायकल. एवढ्यावरून अख्खे उत्तर पेट्रोलच्या भावाकडे वळू शकते!

काळ : लहानपणची हाफ पायडल, तासावर भाड्याने घेतलेली सायकल भूतकाळात, रोजची सवय साध्या वर्तमानकाळात.

हाताशी ठेवावे
- जागतिक सायकल दिन 3 जून; संयुक्त राष्ट्रांची घोषणा 2018.
- मानव विकास कार्यक्रमात राज्यातील निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल.
- पुण्याची जुनी ओळख : सायकलींचे शहर.

प्रश्न कळला नाही तर परीक्षकाला तो पुन्हा विचारायला सांगता येते.