संचिकेची परीक्षा : नावावरून नव्हे, लक्षणांवरून

बरणीवर 'अशोकत्वक्' अशी चिठ्ठी आहे, एवढ्यावरून आतील साल अशोकाचीच आहे असे आपण मानीत नाही. अशोकाच्या नावाखाली आसोपालवाची साल खपविली जाते, हे औषधनिर्मात्यांस ज्ञात आहे. संगणकातील चित्ररूप दस्तऐवजांच्या बाबतीत मात्र आपण निव्वळ चिठ्ठीवर विसंबतो. परवान्याची स्कॅन प्रत, कच्च्या मालाचा तपासणी अहवाल, रुग्णाने पाठविलेले क्ष-किरण चित्र किंवा जुन्या पोथीची पाने यांच्या नावाअखेरीस असणारे 'जेपीजी', 'पीडीएफ' हे प्रत्यय म्हणजे केवळ चिठ्ठ्या होत. त्या कोणासही बदलता येतात. आतील द्रव्य त्यामुळे बदलत नाही.

संचिकेचे स्वरूप तिच्या आरंभीच्या काही बाइट्सवरून ओळखता येते. यास 'फाइल सिग्नेचर' म्हणतात. षोडशमान पद्धतीत प्रमुख लक्षणे अशी :

जेपीजी – एफएफ डी८ एफएफ
पीएनजी – ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए
पीडीएफ – २५ ५० ४४ ४६
टिफ – ४९ ४९ २ए ०० किंवा ४डी ४डी ०० २ए

पीएनजीचे आठ बाइट्स हेतुपुरस्सर योजिलेले आहेत. पाठवणीत ओळींच्या शेवटाची खूण बदलली गेल्यास ०डी ०ए ही जोडी बिघडते व दोष आरंभीच उघड होतो.

विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा आरंभ ४डी ५ए असा असतो. टिफचा एक प्रकारही ४डी नेच सुरू होतो. म्हणून एका बाइटवरून निदान करू नये. विंडोज सहसा परिचित प्रत्यय लपविते. त्यामुळे 'अहवाल.जेपीजी.ईएक्सई' ही घातक संचिका 'अहवाल.जेपीजी' अशी निरुपद्रवी भासू शकते. आयफोनवर २०१७ पासून आलेल्या 'एचईआयसी' छायाचित्राचे नाव बदलून 'जेपीजी' केले, तरी ते जेपीजी होत नाही; त्याचे रीतसर रूपांतरच करावे लागते.

परीक्षेसाठी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'फॉरमॅट-हेक्स' आणि लिनक्स वा मॅकवर 'फाइल' ही आज्ञा उपलब्ध आहे. संशयित संचिकेवर दोनदा टिचकी मारून ती उघडण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

तथापि आरंभ जुळला म्हणजे संचिका शुद्ध ठरली असे नव्हे. जाती कळली, गुण कळावयाचे राहिले. अर्धवट उतरलेल्या संचिकेचाही आरंभ योग्यच असतो. जेपीजीचा शेवट एफएफ डी९ ने होतो. पीएनजीच्या प्रत्येक खंडास पडताळणी अंक जोडलेला असतो. घातक मजकूरही योग्य लक्षण धारण करून येऊ शकतो. यास्तव विषाणूरोधक प्रणाली आवश्यकच आहे.

पोथ्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. स्कॅन झाल्यावर प्रत्येक पान उघडून पाहावे व एसएचए-२५६ ठसा काढून नोंदवहीत लिहावा. पुढे प्रत केल्यावर तोच ठसा आला, तर संचिका अक्षत आहे असे समजावे. मूळ पोथी कसरीने खाल्ल्यावर स्कॅन सदोष असल्याचे कळले, तर त्या पाठास उपाय उरत नाही.