मॉरिशस बेटाची हकीकत

हिंदी महासागराच्या नकाशावर मादागास्करच्या पूर्वेस बोट टेकलें, तर त्याखालीं मॉरिशस बेट सबंध झांकून जातें. त्याची लांबी सुमारें 65 किलोमीटर. तें ज्वालामुखीच्या रसापासून बनलें असून मध्यभागीं पठार, कडेला सुळक्यांसारखे डोंगर आणि भोंवतीं पोंवळ्यांच्या खडकांचें कडें आहे. तेथील उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्याकडील हिंवाळ्यांत, चक्रीवादळें येतात. इतर पिकें भुईसपाट होतात. ऊस मात्र वाकतो आणि बहुधा पुन्हां उभा राहतो. ह्या एका गोष्टीनें बेटाचा पुष्कळसा इतिहास घडविला.

मॉरिशसला मूळचे रहिवासी नाहींत. 1598 सालीं डच खलाशी उतरले तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती. त्यांनीं आपला राजपुत्र मॉरिस ह्याचें नांव बेटास दिलें आणि 1639 सालीं जावाहून ऊस व हरणें आणिलीं. उडतां न येणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळांत नाहींसा झाला. (त्याला केवळ शिकाऱ्यांनीं संपविलें असें नव्हे, जहाजांतून आलेल्या उंदरांनीं, डुकरांनीं व माकडांनीं त्याचीं जमिनीवरील अंडीं खाल्लीं.) 1710 मध्यें डच निघून गेले, 1715 मध्यें फ्रेंच आले, आणि लाबूर्दोने नामक त्यांच्या गव्हर्नरानें पोर्ट लुई बंदर ऊर्जितावस्थेस आणिलें. 1810 मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकिलें. परंतु तेथील फ्रेंच भाषा, कायदे व धर्म यांस हात लाविला नाहीं. म्हणून आजही सरकारी कारभार इंग्रजींत, वर्तमानपत्रें बहुतेक फ्रेंचांत आणि घरांतील बोलणें क्रिओल भाषेंत, असा मौजेचा प्रकार तेथें आढळतो.

उसाच्या मळ्यांत राबत ते आफ्रिका व मादागास्कर येथून आणिलेले गुलाम. पळालेले गुलाम ल मॉर्न डोंगराच्या कपारींत लपत. 1835 सालीं गुलामगिरी बंद झाली. त्या वेळीं सरकारनें वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना! मुक्त झालेल्या ह्या लोकांसाठीं फादर लाव्हाल ह्या फ्रेंच मिशनऱ्यानें 1841 पासून आपलें आयुष्य वेंचिलें. दर सप्टेंबरांत त्यांच्या समाधीस सर्व धर्मांचे लोक जातात.

आतां मळेवाल्यांना नवे हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं 'ॲटलस' जहाजानें कलकत्त्याहून 36 मजूर पोंचविले; करार पांच वर्षांचा, पगार दरमहा पांच रुपये. त्यानंतर पाऊणशें वर्षांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसें गेलीं. मुंबईहून गेलेल्यांत कोंकणांतील कुटुंबें पुष्कळ होतीं. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील सोळा पायऱ्या चढल्यावर प्रत्येकास एक नंबर मिळे, आणि सरकारदप्तरीं तोच त्याची ओळख होई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. पुढें 1867 च्या कायद्यानें, करार संपलेल्या मजुरासही आपल्या छायाचित्राचें तिकीट जवळ बाळगावें लागे. तें नसल्यास अटक होई.

1871 सालीं आडोल्फ द प्लेव्हित्झ ह्या युरोपियन गृहस्थानें 9,401 जुन्या मजुरांच्या नांवें अर्ज केला. तेव्हां कुठें राजनियुक्त आयोग चौकशीस आला, आणि गाऱ्हाणीं खरीं ठरलीं. 1901 सालीं जहाज थांबलें असतां गांधीजी तेथें उतरले व मुलांना शिकवा, असें त्यांनीं लोकांस सांगितलें.

गांवोगांवच्या 'बैठका' म्हणजे संध्याकाळच्या शाळा होत. दिवसभर ऊस तोडून आलेलीं माणसें तेथें अक्षरें गिरवीत. मताचा अधिकार पूर्वीं मालमत्तेवर अवलंबून असल्यानें मतदार बारा हजारांच्या आंतच होते. नव्या घटनेनें बेटावरील ठराविक भाषांपैकीं एखादी साधेपणानें लिहितां-वाचतां येणाऱ्यास तो अधिकार दिला. बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनीं मळ्यामळ्यांतून लोकांस सही करावयास शिकविलें, आणि 1948 च्या निवडणुकींत मतदार सत्तर हजारांवर गेले! ज्यांचे वाडवडील नंबरानें ओळखले गेले, त्यांनीं आपलें नांव स्वहस्तें लिहिलें. 12 मार्च 1968 रोजीं देश स्वतंत्र झाला. मजुराचे पुत्र शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

आज तेथें गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते व शाळांतून मराठीही शिकवितात. मोका गांवच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें मजुरांचीं जुनीं नोंदवह्या-बाडें जपलेलीं आहेत. नातवंडें-पतवंडें तेथें येऊन पूर्वजांचा नंबर शोधतात. त्यापुढें त्याचें व त्याच्या बापाचें नांव, वय, आणि कारकुनानें ऐकलें तसें टिपलेलें गांवाचें नांव असतें.