साडेसाती कुणाला सुटली?

घरातले देव्हारे गेले, पण शनी मात्र आपल्या काही घरांत मागच्या दाराने परत आला आहे. आमच्या नाशकात तर त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटरवर. कालसर्प, नारायण नागबळी, ग्रहशांती यांसाठी तिथे देशभरातून माणसे येतात. मुलाची नोकरी सुटली, मुलीचे लग्न लांबले की शेजारचे कुणीतरी सांगतेच, "साडेसाती आहे, शांत करून घ्या." मग पतपेढीचे कर्ज निघते.

बंधुभगिनींनो, आम्ही हिशेबाची माणसे. आधी हिशेब पाहू. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत मुक्काम अडीच वर्षांचा. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशी मिळून साडेसात वर्षे. बारांपैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते! एका पाळीत चारशे कामगार असतील, तर ढोबळमानाने शंभर जण आज साडेसातीत आहेत. तीस वर्षांत पाळी प्रत्येकाची येते, मालकाचीसुद्धा. मग संकटाच्या वेळी शनीचे नाव सापडले यात नवल ते काय?

बरे, पूजेत मांडतात ते नवग्रह तरी ग्रह आहेत का? सूर्य हा तारा, चंद्र पृथ्वीचा उपग्रह. राहू-केतू तर वस्तूच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते, ते हे दोन बिंदू. या बिंदूंना उडीद आणि कुळीथ वाहायचे! (ते घरी शिजवले तर पोरे जेवतील.) कालसर्पाची भीतीही याच दोन बिंदूंवर उभी आहे.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती.

पत्रिका पाहून स्थळ मोडणारी घरे आपल्यातही आहेत. त्यांनी नक्खत्त जातक वाचावे. शहरातल्या वरपक्षाने गावातली मुलगी ठरवली, दिवसही ठरला. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून रुसलेल्या त्यांच्या आजीवकाने सांगितले, आज नक्षत्र बरे नाही. वऱ्हाड थांबले. दुसऱ्या दिवशी ते गावात पोहोचले, तेव्हा मुलगी दुसऱ्या घरी नांदायला गेली होती.