धावपट्टीवरील मातब्बर पाहुणे

दुकानातून विकत घेता येईल अशाच घडणीच्या मोटारींची शर्यत, ही अमेरिकेतील ‘स्टॉक कार’ शर्यतीची मूळ कल्पना होती. आणि आज धावणारी मोटार जरी मुद्दाम शर्यतीसाठीच बांधलेली असली, तरी ‘ही आपल्यासारख्यांचीच गाडी आहे’ ही प्रेक्षकाच्या मनातील आपुलकी अद्याप ओसरलेली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने या खेळातील मंडळी एकत्र जमली आणि पुढच्याच फेब्रुवारीत ‘नॅसकार’ ही संस्था रीतसर स्थापन झाली. त्या काळी या खेळाचे शिलेदार बहुतांशी दक्षिणेकडील संस्थानांतले, यंत्रशाळेत हात काळे करणारे आणि त्यांतले काही तर चोरट्या दारूची ने-आण करताना सरकारी अंमलदारांना हुलकावणी देण्यात तरबेज झालेले, असे साधे लोक होते. अशा लोकांच्या दारी जेव्हा एखादा कीर्तिमान गायक अथवा खुद्द राष्ट्राध्यक्ष पाहुणा म्हणून येतो, तेव्हा आपल्या मोठेपणाचा बडेजाव त्याला फाटकाबाहेरच ठेवावा लागतो. आणि त्या प्रसंगातून जो विनोद निर्माण होतो तो कोणालाही न दुखविता माणसाला माणसाच्या निकट आणणारा असतो, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

मातब्बर पाहुण्यांच्या या परंपरेतील एक आद्य नामांकित व्यक्ती वानरकुलातील होती, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. १९५३ साली टिम फ्लॉक हा अव्वल दर्जाचा चालक आपल्या ९१ क्रमांकाच्या हडसन मोटारीत ‘जॉको फ्लॉको’ नावाचे एक माकड शेजारी बसवून शर्यतीत उतरत असे. त्याला चिमुकला गणवेश शिवलेला होता, बसावयास स्वतंत्र आसन होते, आणि मे महिन्यात उत्तर कॅरोलायनातील हिकरी येथे फ्लॉकने शर्यत जिंकली तेव्हा विजयाचा वाटेकरी म्हणून ते त्याच्या शेजारीच होते. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस रॅले येथे मोठाच अनर्थ ओढवला. चाकाची झीज धावता-धावता पाहता यावी म्हणून मोटारीच्या तळाशी एक झडप असे, आणि मालक ती साखळीने उघडतो हे निरीक्षण करून शहाण्या झालेल्या जॉकोने आसनावरून सुटका करून घेऊन स्वतःच ती उघडली. चाकाखालून उडालेल्या खड्याचा तडाखा बसताच तो जिवाच्या आकांताने किंचाळत फ्लॉकच्या मानेला बिलगला. एका हाताने मोटार आणि दुसऱ्या हाताने माकड सावरीत फ्लॉकला अखेर पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यात, शिरून आपल्या सहप्रवाशाला खाली उतरवावे लागले, आणि हातात आलेला दुसरा क्रमांक गमावून तिसऱ्यावर समाधान मानावे लागले.

मनुष्यांपैकी या मैदानाने ज्याच्यावर अंतःकरणापासून प्रेम केले तो मार्टी रॉबिन्स हा कंट्री संगीतातील अग्रगण्य गायक. नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या शनिवारच्या मैफलीत त्याने रात्रीची अखेरची वेळ मागून घेतली होती, कारण आधी शर्यत आणि मग गाणे, हा त्याचा क्रम ठरलेला होता. १९७२ साली अलाबामातील टॅलाडेगा येथील विन्स्टन ५०० शर्यतीत, त्याची मोटार एकाएकी मातब्बर चालकांच्या बरोबरीने धावू लागली, तेव्हा सर्वजण अचंबित झाले. आणि पंचांनी नवोदित चालकासाठीचे बक्षीस त्याला देऊ केले. त्याने ते साफ नाकारले. हवेचा ओघ मर्यादित ठेवण्यासाठी कार्बुरेटरमध्ये नियमाने बसवावे लागणारे रोधक आपण काढून टाकले होते, अशी स्वच्छ कबुली त्याने स्वतःहून दिली. थोरांच्या पंक्तीत एकवार वेगाने धावण्याचा आनंद लुटावा, एवढाच त्याचा हेतू होता, आणि तो सफल झाला होता. नियमभंगाचा असा प्रांजळ निवाडा स्वतःच स्वतःवर करणारा अपराधी विरळाच!

राज्यकर्त्यांच्या गाठीभेटींनाही अशीच विनोदाची जोड लाभलेली दिसते. जॉर्जियाचे जिमी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यास शर्यतीच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलावू असे अभिवचन दिले होते, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये ते पाळलेही. मात्र मंडळी आली, त्यांच्या मोटारी अंगणात विराजमान झाल्या, विली नेल्सन यांचे गाणे झाले, आणि यजमान तेवढे गैरहजर! इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांच्यासमवेत शांततेची वाटाघाट करण्यात कार्टर कॅम्प डेव्हिडला गुंतून पडले होते, म्हणून पाहुण्यांची सरबराई रोझलिन कार्टर यांनी केली.

४ जुलै १९८४ रोजी डेटोना येथे याहून विलक्षण योग जुळून आला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी शर्यत सुरू करण्याचा हुकूम आकाशातल्या विमानातून दूरध्वनीवर दिला, आणि त्यांचे प्रचंड विमान लगतच्या विमानतळावर उतरत असता खाली चालक रिचर्ड पेटीची ४३ क्रमांकाची मोटार भरधाव चालली होती. अखेरच्या फेऱ्यांत पेटी आणि केल यारबरो यांनी अंगाला अंग घासीत झुंज दिली व पेटी निसटता पुढे राहिला. अपघातामुळे उरलेली वाट पिवळ्या निशाणाखाली संथपणे कापावयाची होती, पण यारबरो शर्यत संपली अशा समजुतीने एक फेरी आधीच पिटमध्ये वळला, आणि दुसऱ्याचा तिसरा झाला. राष्ट्राध्यक्षांच्या साक्षीने पेटीचा २००वा विजय पुरा झाला. आणि नंतर एका राष्ट्राचा प्रमुख व घामाने निथळलेले चालक एकत्र बसून तळलेली कोंबडी खाते झाले.

पिसे खोवलेली हॅट आणि काळा चष्मा यांमुळे दुरूनही ओळखू येणारा हा पेटी चाहत्यांना सही देताना कधी घाई करीत नसे. नाव नीट वाचता यावे अशा बेताने तो प्रत्येक अक्षराला डौलदार वळण देत असे, कारण ज्याने तिकिटासाठी कष्टाचा पैसा मोजला त्याला घाईघाईतील रेघोटी देणे हा त्याला अनादर वाटे. या खेळाच्या आठवणी इतक्या हसऱ्या का आहेत, याचे मर्म मला या वृत्तीत दिसते. मैदानावरचा राजाच जेथे सामान्य प्रेक्षकाचा मान राखतो, तेथे बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपल्या कीर्तीचा तोरा मिरविण्यास जागा उरत नाही. आणि कीर्ती जेव्हा अशी सहजपणे सर्वांच्या पंक्तीला येऊन बसते, तेव्हाच तिची आठवण लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने सांगतात.